आईबाबा, घरातली माणसं आणि मुलांची वाढ: पालक पुन्हापुन्हा विचारतात ते प्रश्न

पालक मीटिंग संपते, सगळे उठतात, आणि मग दारात चपला घालता घालता जे प्रश्न येतात ना ते खरे प्रश्न असतात, मीटिंगमध्ये ते कोणी विचारत नाही. तसलेच इथे गोळा केलेत. क्रमाने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

"पालकांचा सहभाग" म्हणजे नक्की काय करायचं? मी रोज अभ्यास घेते, तेवढं पुरे ना?

अभ्यास घेणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे आणि खरं सांगू का, बऱ्याच घरांत तोच सगळ्यात डोकेदुखीचा. अमेरिकेत कीथ रॉबिन्सन आणि अँजेल हॅरिस या दोन समाजशास्त्रज्ञांनी तिकडच्या बऱ्याच वर्षांच्या पाहण्यांची आकडेवारी तपासली आणि २०१४ मध्ये मांडलं की आईबाप होमवर्कला मदत करतात म्हणून मार्क वाढतात असं काही सरसकट दिसत नाही, काही ठिकाणी उलटंच दिसतं. फायदा दिसला तो थोड्याच गोष्टींचा, लहानपणी वाचून दाखवणं, पुढे काय शिकायचं यावर मुलांशी बोलणं, अशा. बाकी त्यांच्या कामावर टीकाही झाली, कारण मूल मागे पडतंय म्हणूनच आईबाप मदतीला बसतात असंही असू शकतं, पण मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आपल्याकडे सहभाग म्हणजे काय, तर रात्री साडेदहाला स्टेशनरीवाल्याचं शटर अर्धं खाली आलेलं असताना बाबा चार्ट पेपर मागतायत आणि घरी आई "पाण्याचं चक्र" रंगवतेय, आणि ज्याचा प्रोजेक्ट आहे तो झोपलाय. टीचरलाही माहीत असतं कोणी केलंय ते. मुलाने वेडंवाकडं केलेलं चक्र शाळेत गेलं तर काही बिघडत नाही.

आम्ही दोघंही नोकरीला. घरी येईपर्यंत आठ वाजतात. वेळच नाही, मग काय करायचं?

वेळ कमी आहे हे खरंय, त्यावर "क्वालिटी टाइम" वगैरे बोलून पालकांना गिल्ट देण्यात मला काही अर्थ वाटत नाही. पण मुलाशी बोलायला वेगळा वेळ काढावा लागतो असं नाही, चालू कामातच बोलता येतं. २०१८ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि नंतर गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूत काय होतं ते स्कॅनमध्ये पाहिलं, तर कानावर किती शब्द पडले यापेक्षा मोठं माणूस आणि मूल यांच्यात आळीपाळीने किती बोलणं झालं त्याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त संबंध दिसला, आणि हे घरच्या पैशावर किंवा आईबापाच्या शिक्षणावर अवलंबून नव्हतं. म्हणजे तुम्ही एकटेच बोलत सुटायचं नाहीये, त्याला उत्तर द्यायला जागा ठेवायची.

उदाहरणार्थ मटार सोलणं:

"बाबा, यात पाचच आहेत."
"माझ्यात सात. तुझ्यात का बरं कमी?"
"कारण ही छोटी शेंग आहे."
"मग आता ही मोठी फोड बघू."
"ईऽऽ अळी!"
"कुठंय? काय खात असेल ती आत बसून?"

झालं. यात मोजणं आलं, तुलना आली, "कारण" हा शब्द आला आणि अळी आली, आणि उद्याची भाजीपण झाली. याला कुठलं ॲक्टिव्हिटी किट लागत नाही. हेच सांगायला हजारो रुपयांचे कोर्स विकतात लोक.

बाळ तर अजून बोलतच नाही. त्याच्याशी काय बोलायचं?

सगळं. बोलणं येण्याच्या कितीतरी आधी बाळ "संवाद" करत असतं, ते हुं करतं, तुम्ही हुं करता, ते हसतं. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला, आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवून नुसतं बघत राहायचं. काही महिन्यांची बाळं आधी हसून बघतात, हात पुढे करतात, आवाज काढतात, आणि आई काहीच करत नाही म्हटल्यावर मान फिरवतात, कळवळतात. आई पुन्हा नेहमीसारखी झाली की सावरतात पण लगेच पूर्ण नाही. आपल्याकडे तेल लावताना, आंघोळ घालताना, धुरी देताना बाळाशी जी अखंड बडबड चालते ना तिची किंमत या प्रयोगात कळते. मालिशवाल्या मावशी एकट्या जेवढं बोलतात तेवढं काही घरांत दिवसभरात कोणी बोलत नाही.

एक मात्र, यातच सांगून टाकते. बाळंतपणानंतर आई सतत उदास, रडवेली, बाळाकडे बघावंसंही वाटत नाही असं आठवडे-आठवडे चाललं असेल तर तो आळस नाही आणि "नखरे" तर नाहीतच, डॉक्टरकडे न्यायचं. आणि मूल सोळा महिन्यांचं झालं तरी एक शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी "पाणी दे", "बाबा आले" अशी दोन शब्दांची जोडी नाही, नावाने हाक मारली तर बघत नाही, किंवा आधी येत असलेले शब्द गेले, तर "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात" म्हणत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, अंगणवाडी ताईंना किंवा सरकारी दवाखान्यात विचारा, तिथे तपासणी फुकट असते.

मोबाईल लावल्याशिवाय घास तोंडात घेत नाही. काय करू?

भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, नातेवाईकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, आणि दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनाही जवळपास अशाच आहेत. हे वाचून हसू येतं मला माहितीये.

मोबाईल बंद केला की पहिले काही दिवस मूल कमी जेवणार, रडणार, आणि घरातलंच कोणीतरी म्हणणार "उपाशी ठेवतेस का लेकराला". निरोगी मूल भूक लागली की खातं. त्याला सगळ्यांबरोबर ताटावर बसवा, हाताने खाऊ द्या, सांडू द्या, खाली जुना पेपर घाला. आणि हो, तुमचा फोनपण दुसऱ्या खोलीत. तुम्ही रील बघत भात कालवताय आणि त्याने मात्र वरणाकडे बघून जेवायचं हे काही जमणार नाही.

मारलं नाही तर मुलं डोक्यावर बसतात. आम्ही पण मार खाऊनच मोठे झालो, काय बिघडलं?

हा प्रश्न बहुतेक वेळा बाबा लोक विचारतात आणि हसत विचारतात. आता शाळेत तर कायद्यानेच बंदी आहे, शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७, शारीरिक शिक्षा पण नाही आणि मानसिक छळ पण नाही. घरात कोणी बघायला येत नाही एवढंच.

मारल्याने त्या क्षणी मूल थांबतं म्हणून आपल्याला वाटतं उपयोग झाला. थांबतं ते भीतीने, आणि शिकतं काय, तर तुम्ही नसताना करायचं. पण याचा अर्थ "काहीच बोलायचं नाही, सगळं चालू द्या" असाही नाही, ही दुसरी टोकाची फॅशन आलीये. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याचे प्रकार मांडले, एक नुसता हुकूम सोडणारे, एक नुसते लाड करणारे, आणि एक माया भरपूर पण नियमही पक्के आणि नियमामागचं कारण सांगणारे. तिसऱ्यांची मुलं एकंदरीत जास्त सावरलेली दिसतात असं नंतरच्या बऱ्याच अभ्यासांतही आलंय. व्यवहारात म्हणजे काय, तर नियम थोडे ठेवा, पण ठेवले की रोज तेच. सोमवारी सोफ्यावर उड्या मारल्या तर हसायचं आणि मंगळवारी पाहुणे आहेत म्हणून धपाटा, यात मुलाला नियम कळत नाही, तुमचा मूड वाचायला मात्र येतो.

आमची नवरा-बायकोची भांडणं होतात, पण मुलांसमोर नाही करत. मग ठीक ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि पालक तो सगळ्यात शेवटी विचारतात, बहुतेकदा दुसऱ्या कोणाचं तरी सांगतोय असं करून.

"मुलांसमोर नाही" हे खरं कधीच नसतं. वन बीएचकेत तर नाहीच नाही. मुलांना शब्द कळले नाहीत तरी भांडी कशी आपटली ते कळतं, कपाट कसं बंद झालं ते कळतं, आणि सगळ्यात जास्त कळतो तो अबोला. एका आईने स्वतःच सांगितलेलं, दोघांचं बोलणं बंद, आणि सहा वर्षांची मुलगी मधे पोस्टमन. "बाबांना सांग जेवायला वाढलंय." "आईला सांग मला भूक नाही." एकाच खोलीत बरं का. मग हळूहळू ती मुलगी निरोपात आपल्या मनाने बदल करायला लागली. आई म्हणाली "वाढलंय", तर ही बाबांना जाऊन सांगायची, "आई म्हणतेय प्लीज या". बाबा म्हणाले "भूक नाही", तर ही आईला सांगायची "पाच मिनिटांत येतायत". सहा वर्षांची. हे ऐकायला गोड वाटतं पण त्या मुलीने घर सांभाळायचं काम अंगावर घेतलंय आणि ते तिचं काम नाहीये. अशी मुलं शाळेत बऱ्याचदा फार "शहाणी" असतात, कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे लक्षच जात नाही.

मार्क कमिंग्ज या संशोधकाने आईबापांच्या भांडणांचा मुलांवर होणारा परिणाम कित्येक वर्षं अभ्यासलाय. त्यांच्या कामातून येणारी गोष्ट दिलासा देणारी आहे. मतभेद झाले म्हणून मुलांचं नुकसान होतंच असं नाही, भांडण कसं होतं आणि मिटतं का यावर बरंच ठरतं. मिटलेलं भांडण पाहिलं की मुलं लवकर शांत होतात. आपल्याकडे गंमत अशी की भांडण हॉलमध्ये होतं आणि मिटतं बेडरूमचं दार लावून, मुलांनी पहिला अर्धाच भाग बघितलेला असतो. तर मिटलं की ते मुलांना दिसू द्या. "काल आम्ही दोघं चिडलो होतो, पैशांवरून होतं, आता बोललो आम्ही, तुझ्यामुळे नव्हतं हां." शेवटचं वाक्य मुद्दाम म्हणायचं, कारण लहान मुलं सगळं स्वतःवर ओढून घेतात.

हात उगारणं, वस्तू फेकणं, दारू पिऊन तमाशा, हे या उत्तरात बसत नाही. तिथे "मिटवून दाखवा" हा सल्ला नाही, तिथे मदत घ्यायची. महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे.

सासूबाई फार लाड करतात, मी नाही म्हटलं की त्या हो म्हणतात. मूल बिघडेल ना?

आजीने एक जास्तीचा लाडू दिला म्हणून कोणी बिघडत नाही. मुलांना हे छान कळतं की आजीकडे एक नियम आणि आईकडे दुसरा, जसं शाळेत वेगळा असतो. लाडांपेक्षा त्रास होतो तो मुलासमोर एकमेकांना खोडण्याचा. "तुझ्या आईला काय कळतंय" हे वाक्य मुलाने ऐकलं की त्याला शस्त्र मिळालं, आणि "तुझी आजी जुन्या वळणाची" हे पण तसलंच शस्त्र आहे, सुनांनो.

दोन-तीन गोष्टी ठरवून घ्या ज्यावर घरात एकमत पाहिजे, मारायचं नाही, झोपायची वेळ, स्क्रीन, बास. बाकी सोडून द्या. आणि हे बोलणं नवऱ्याने स्वतःच्या आईशी करायचं, सुनेला पुढे करून आपण टीव्ही बघत बसायचं नाही. आजी-आजोबा असलेल्या घरात मुलाशी बोलणारी तोंडं जास्त, गोष्टी जास्त, कुशीत शिरायला जागा जास्त, ते सोन्यासारखं आहे, पण त्यांनाही गुडघेदुखी आहे, दिवसभर दोन वर्षांच्या मुलामागे धावायला त्या काही पगारी नाहीत, हेपण बघा.

आम्ही सहा महिने ऊसतोडीला जातो. लेकरू गावी आजीपाशी ठेवावं का संगं न्यावं?

नवरा-बायको मिळून एक कोयता (मजुरांची जोडी), मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, त्यामुळे जायचं का नाही हा प्रश्नच नसतो, लेकराचं काय एवढाच असतो. ऊसाच्या फडावर नेलं तर शाळा बुडते, आणि मोठी मुलगी असेल तर धाकट्याला सांभाळण्यात तिची आधी बुडते. बीडसारख्या जिल्ह्यांत यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते, मूल गावातच राहतं आणि जेवणाची सोय होते. दिवाळीआधीच हेडमास्तरांकडे नाव द्या, निघायच्या दिवशी नाही.

ठेवून जाणार असाल तर मुलाला सांगून जा. झोपेत असताना निघून जाऊ नका, रडेल म्हणून लोक तसं करतात पण मग ते मूल पुढे रोज झोपायलाच घाबरतं. कधी येणार ते त्याला समजेल असं सांगा, "होळीनंतर". फोन लागेल तेव्हा "अभ्यास करतो का" एवढंच न विचारता आज काय खाल्लं, शेळीला काय झालं, असलं विचारा. दूर राहून नातं टिकतं, पण त्यासाठी मूल ज्या माणसापाशी आहे ते माणूस पक्कं पाहिजे, दर महिन्याला वेगळ्या नातेवाईकाकडे नको.

शाळा इंग्लिश मीडियमची आहे. घरीही इंग्लिशच बोलू का? टीचर म्हणतात कन्फ्युज होईल.

नाही होत कन्फ्युज. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होतो हा गैरसमज आहे. मुलं भाषा मिसळतात, "मम्मा मला वॉटर पाहिजे", ते नॉर्मल आहे, आपण मोठे काय वेगळं करतो? ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, चिडवता येतं, आजारी मुलाला कुरवाळता येतं, त्या भाषेत बोला. अडखळत बोललेल्या इंग्लिशमध्ये फक्त सूचना होतात, "ईट फास्ट", "कम हियर", "डोन्ट टच", गप्पा होत नाहीत, आणि वर बघितलंच की गप्पाच महत्त्वाच्या. न्यू जर्सी-लंडनकडच्या पालकांनाही हेच, महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत घालाच, पण घरात मराठीत भांडणं, जोक आणि आजीचा फोन हे चालू असेल तरच ती टिकते.

भावंडांत तुलना नाही करायची म्हणतात, पण मोटिव्हेशन मिळतं ना त्याने?

नाही मिळत. ताईला मिळतो घमंड आणि दादाला मिळतो ताईचा राग. पुढे.

शाळेत पालकांनी किती लक्ष घालायचं?

व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आजचा होमवर्क काय" विचारणं म्हणजे लक्ष घालणं नव्हे. जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या, अनुदानित शाळा यांत शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला लागतात, निम्म्या महिला. कागदावर सह्या करायला नाही, पोषण आहार कसा येतो, संडासला पाणी आहे का, शिक्षक किती आहेत हे विचारायला. खाजगी विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला महाराष्ट्राच्या २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे फीच्या बाबतीत म्हणणं आहे आणि ती समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते. बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं.

आणि उलट्या बाजूने, शाळेनेही घराकडे जायला हवं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूकडे बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि थोरल्या बहिणी धाकट्यांना सांभाळतात म्हणून येत नाहीत हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. अनुताई वाघांनी ते पुढे कोसबाडला वर्षानुवर्षं चालवलं. "पालकांना इंटरेस्टच नाही" म्हणणाऱ्या शाळांनी एकदा कोसबाड बघून यावं.

मुलगा नववीत गेल्यापासून दार लावून बसतो. काही विचारलं की "काही नाही".

दार लावणं हे वयाचं आहे, ते लावू द्या, ठोकून आत जा. या वयात समोरासमोर बसून "बोल, काय झालं" म्हटलं की तोंड मिटतं. गाडीवर मागे बसलेला असताना, क्रिकेट बघताना बोलणं निघतं, तेव्हा लगेच उपदेश सुरू करू नका, नाहीतर ते शेवटचं. मार्क सोडून त्याच्याबद्दल काहीतरी माहीत ठेवा. पण झोप-जेवण बिघडलं, मित्र तोडले, "मी नसलो तर बरं" असलं काही बोलला, तर वय आहे म्हणून सोडायचं नाही. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फोन फुकट आहे, मराठीतही बोलतात. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर मुलांना स्वतःला पाठ पाहिजे.

मी एकटीच वाढवतेय. बाप नसल्याने मुलात काही कमी राहील का?

एक पक्कं माणूस असलेलं मूल हे दोन भांडणारी माणसं असलेल्या मुलापेक्षा कमी नसतं. तुमच्यावर पैसा आणि वेळ दोन्हींचा ताण येतो, अडचण ती आहे, मग मामा, मावशी, शेजारच्या काकू यांना हक्काने सांगा. घटस्फोट झाला असेल तर मुलासमोर त्याच्या वडिलांना शिव्या घालू नका, कितीही खऱ्या असल्या तरी. त्याला वाटतं आपण अर्धे तेच आहोत.

म्हणजे मुलाचं सगळं आमच्याच हातात? काही चुकलं तर आम्हीच जबाबदार?

नाही बाबा. २०१५ मध्ये जगभरात जुळ्यांवर ५० वर्षांत झालेल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात माणसामाणसांतल्या फरकांपैकी सरासरी निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा निघाला. काही मुलं जन्मतःच लाजरी, काही तापट, त्यात मित्र, शाळा, वस्ती, पैसा हे पण आलं. दुसरीकडे रोमानियाच्या अनाथालयांतली मुलं बघा. २००० साली बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात १३६ बाळं होती, काहींना सांभाळायला चांगल्या कुटुंबांत ठेवलं, आणि दोन वर्षांच्या आत ज्यांना असं घर मिळालं ती पुढे बरीच जास्त सावरली. म्हणजे आपलं माणूस अजिबातच नसेल तर फार मोठं नुकसान होतं, पण ते असेल तर डॉक्टर करायचा का इंजिनियर हे घडवायची ताकद काही आपल्यात नसते. तुमच्या मुलाने सगळ्यांसमोर गाणं म्हटलं नाही तर ते तुमच्या संस्कारांचं अपयश नाहीये, त्याला नसेल म्हणायचं.

हे सगळं मी वाचतेय, पण नवऱ्याला कोण सांगणार?

लिंक पाठवू नका, तो अंगठा टाकेल आणि संपलं. केंद्र सरकारी नोकरीत बापाला मुलाच्या जन्माला १५ दिवस रजा आहे आणि आईला कायद्याने २६ आठवडे, त्यामुळे पहिल्या वर्षात आई एक्सपर्ट होते आणि बाप हेल्पर, आणि मग ते तसंच राहतं. तर "मदत कर" म्हणू नका, एक काम पूर्ण देऊन टाका. रात्रीचं सगळं त्याच्याकडे, दात घासणं, कपडे बदलणं, गोष्ट, झोपवणं. आणि दारात उभं राहून "असं नाही, तसं नाही" करायचं नाही, हे तुमच्यासाठी अवघड आहे मला माहितीये. पहिले काही दिवस आतून रडण्याचे आवाज येतील, गोष्ट गाडीचं इंजिन कसं चालतं याची असेल, आणि पायजमा उलटा. उलटा पायजमा घालून झोपलेल्या मुलाला काही होत नाही.